हिरा आत्याने न घेतलेला शब्द

टेम्पो सकाळीच दारात लागला होता, पण हिरा आत्या कोंबड्यांवरून अडून बसली. ड्रायव्हर म्हणत होता, कोंबड्या मागे सामानात टाका. आत्या म्हणत होती, कपाटाखाली आल्या तर मरतील, त्या माझ्याबरोबर पुढेच बसणार. "तुजी गारी घान नाय करत त्या. तुज्यापेक्षा शान्या हायत," असं तिने त्याला सगळ्या आळीदेखत सुनावलं. शेवटी ती पुढेच बसली. मांडीवर मासळीची पाटी पालथी घातलेली आणि पाटीखाली दोन कोंबड्या. आई मागे, देवघर पोटाशी धरून. बाबांनी दाराची चौकट आदल्या दिवशीच उखडून काढली होती, सागाची होती म्हणून. तरी निघताना ते मागे वळले आणि कडी लावायला त्यांनी हात पुढे केला. तिथे भिंतीत नुसतं भगदाड होतं. तो हात त्यांनी तसाच खाली आणला आणि लेंग्याला पुसला.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. त्या सकाळी आमच्या पुढच्या-मागच्या टेम्पोत जे होते त्यांच्यासाठी, आणि जी चार-दोन घरं गाव सोडणार नाही म्हणून देवळाच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसली होती त्यांच्यासाठीही. आता आपण पनवेलच्या बाजारात भेटलो की "कंच्या सेक्टरला?" एवढंच विचारतो. पूर्वी आपण "जेवलीस का?" विचारायचो. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून आता उपयोग नाही. तिथे सपाट माती आहे, पत्र्याचं कुंपण आहे, आणि आपली खाडी कुठून वळायची हे मलासुद्धा आता दाखवता येणार नाही.

आमचं गाव पनवेलपासून लांब नव्हतं. मागच्या दारी खाडी, पुढे भातशेती, आणि आकाश स्वच्छ असलं की दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. पनवेलला कॉलेजात जायला सिक्स सीटर मिळायची, ती भरेपर्यंत हलायची नाही. मी बी.ए. करत होते, तेही मराठी घेऊन. गावात त्याची चेष्टा व्हायची. "मराठी तं आमाला पन येते, त्याच्यासाठी कालेज कशाला?" असं आमच्या शेजारचे नामाकाका दर आठवड्याला म्हणायचे.  मग नोटिसा यायला लागल्या आणि नामाकाकांनाच ती मराठी येईना.

कॉलेजात आम्हाला मुकादम मॅडम होत्या. पनवेलच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांचे वडील आयुष्यभर कुवेतला होते आणि सुट्टीवर यायचे तेव्हा म्हणे लेकीकडून मराठी पुस्तकं वाचून घ्यायचे. मॅडम व्याकरण शिकवायच्या ते मासळी साफ करावी तसं. "शब्द अडला की घाबरू नका. आधी डोकं काढा, मग शेपूट काढा. मधलं धड बहुतेक ओळखीचं निघतं." डोकं म्हणजे उपसर्ग, शेपूट म्हणजे प्रत्यय आणि मधला धातू. फळ्यावर त्या एकीकडे 'अप', 'वि', 'परि', 'निस्' लिहायच्या आणि दुसरीकडे 'बे', 'ना', 'गैर'. म्हणायच्या, "हे माझ्या आजोळचे, ते तुमच्या आजोळचे, आणि मराठीत दोघं एका पंगतीला बसतात." 'बेदखल' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तासाला फोडला. बे आणि दखल. ज्याची कुणी दखल घेत नाही तो, असं मी उत्तर दिलं. मॅडम म्हणाल्या, "जवळ आलीस. कायद्यात त्याचा अर्थ आणखी वाईट आहे. ज्याचा ताबा काढून घेतलाय तो."

प्रकल्प येणार, गाव उठणार, अशी कुजबुज मी शाळेत होते तेव्हापासूनची. पण बारावीनंतर ती कुजबुज कागदावर आली. देवळाच्या मंडपात बैठका व्हायला लागल्या. साहेब यायचे, माइकवर बोलायचे आणि जायचे. मग सगळे माझ्याकडे बघायचे. "दर्शना, काय बोलला तो?" मला त्याचा आनंद व्हायचा, हे मी आज लपवत नाही. वीस वर्षांची पोरगी मध्यभागी उभी आणि बापाच्या वयाची माणसं ऐकतायत. 'संपादन' म्हणजे जमीन मिळवणं, ताब्यात घेणं. 'पुनर्वसन' मी लगेच फोडलं: पुनर् म्हणजे पुन्हा आणि वस् म्हणजे राहणं. वस्ती, रहिवासी, निवास, सगळी त्याचीच भावंडं. पुन्हा राहायला लावणं. बायकांना तो शब्द आवडला. 'विस्थापित' मात्र कोणालाच आवडला नाही. ज्याला त्याच्या जागेवरून हलवलंय तो.

'प्रकल्पग्रस्त' शब्दाला बाबांनी विचारलं, "ग्रस्त म्हंजे?" बाबा फार बोलणारे नव्हते. भातशेती, जोडीला मिठाच्या वाफ्यावर हंगामी काम, आणि एक बहीण, एक बायको, एक मुलगी, असा त्यांचा संसार. मी सांगितलं, ग्रस् म्हणजे गिळणं. ग्रास म्हणजे घास. ज्याला प्रकल्पाने गिळलंय तो प्रकल्पग्रस्त. बाबांनी मान हलवली. "म्हंजे आमी घास," ते म्हणाले आणि विडी पेटवायला बाहेर गेले. पुढे वर्षभरात गावातल्या पोरांनी नव्या गाड्या घेतल्या आणि मागच्या काचेवर तोच शब्द मोठ्या भगव्या अक्षरांत लावला. मला दर वेळी त्या गाड्यांवर "घास" असं लिहिलेलं दिसायचं. 

इथपर्यंत ठीक होतं. हे शब्द सगळ्यांचे होते. ते सगळ्यांनी मिळून गिळले. मग पात्र-अपात्र सुरू झालं, आणि शब्द एकेकाच्या घरात शिरायला लागले.

नियम असा होता की जितकी कुटुंबं तितक्यांना नवी जागा. आमच्या घरामागे खाडीच्या बांधाला लागून आत्याची एक खोली होती. मातीच्या भिंती, वर पत्रा. ती खोली आजोबांनी तिच्यासाठी बांधली होती, मी जन्मायच्या आधी. तिची चूल वेगळी, पाणी वेगळं, धंदा वेगळा. पहाटे ती मासळी घ्यायला जायची आणि पनवेलच्या मार्केटात बसायची. कोणाचं एक पैशाचं खाल्लं नाही, असं ती भांडताना हमखास सांगायची, आणि ती भांडायची खूप. आईशी, नामाकाकांशी, गिऱ्हाइकांशी. मलाही तिने लहानपणी बांधावरून खाडीत उतरले म्हणून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायच्या काठीने झोडलंय. पण मला ताप आला की माझ्या उशाशी आई नाही, आत्या असायची.

आत्या कागदावर कोण, हा प्रश्न आला. बाबांच्या कुटुंबात बहीण मोजत नव्हते. तिला स्वतंत्र कुटुंब धरायचं, तर त्याला तीन वाटा होत्या, असं साहेबांनी बैठकीत माइकवर वाचून दाखवलं: विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता. आत्याचा नवरा उरणकडे जिवंत होता, तेव्हा विधवा नाही. घटस्फोट कधी झाला नव्हता. उरला तिसरा शब्द. साहेब म्हणाले, तसा अर्ज करा, गावातले दोन साक्षीदार आणा, प्रतिज्ञापत्र द्या, होऊन जाईल. नामाकाका तिथेच म्हणाले, "मी देतो साक्ष." आत्याशी त्यांचं कुंपणावरून वर्षानुवर्षं वाकडं होतं, तरी म्हणाले. बाबांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झालेला मी पाहिला.

संध्याकाळी आत्या दारात बांगडे साफ करत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. बाबा ओटीवर होते.

"तो कंचा शब्द बोलला गं? माज्यासाठी बोलला तो?"

"परित्यक्ता."

"म्हंजे?"

मला तेव्हा दोन क्षण मिळाले होते. वेगळी राहणारी बाई, असं सांगून मोकळी झाले असते. पण चार महिने मी मंडपात उभी राहून शब्द फोडत होते, आणि समोर आत्या होती, जिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "परि म्हणजे पुरतं, सगळीकडून. त्यक्त म्हणजे टाकलेलं. त्याग म्हणतो ना आपण, तो त्याग. नवऱ्याने पुरती टाकून दिलेली बाई."

आत्याचा हात थांबला नाही. तिने बांगड्याचं पोट फाडलं, आतलं काढलं, मांजरीला टाकलं. मग म्हणाली, "मना कोनी टाकली नाय."

"तसं नाही आत्या, हा नुसता..."

"मना कोनी टाकली नाय. मी आयले."

तिची गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यांत माहीत होती. त्या संध्याकाळी तिने ती पहिल्यांदा सलग सांगितली. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. नवरा दारू प्यायचा नाही, कामाचा होता, बोटीवर जायचा. पण हात उचलायचा. घरात उचलायचा तोवर तिने सोसलं, कारण सगळ्याच सोसत होत्या. एक दिवस बाजारात, मासळी स्वस्त दिली म्हणून, सगळ्या बायकांसमोर त्याने तिच्या थोबाडीत दिली. तिने पाटीवर ओलं फडकं टाकलं, पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि एस्टी स्टँडवर गेली. अंगावरच्या लुगड्यानिशी गावी आली. "तवा तुजा आजा वाफ्यावर होता. मना बगला नि बोलला, जेवलीस का? येवराच बोलला."

"मग ते न्यायला आले नाहीत?" मी विचारलं.

"तीन येला आयले. दीर आयला, सासू आयली, मंग तो सोता आयला. याच ओटीवर बसला. रडला पन. मी नाय गेले." तिने विळी धुतली. "आता मी लिवून देऊ का यानी मना टाकली म्हनून? मारला त्यानी, ता खरा हाय. टाकली नाय. जो मानूस न्यायला आयला त्याच्यावर असा खोटा कसा घालू?"

ओटीवरून बाबा म्हणाले, "अगं कागदाला काय करायचाय खरा-खोटा? जागा भेटते ना?"

 आत्या आत गेली आणि तिने कालवण टाकलं.

त्या रात्री जेवताना बाबा माझ्यावर ओरडले. मला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. "कशाला फोरून सांगितलास? येवरी शिकलीस, येवरा कलला नाय तुला?" आई म्हणाली, पोरीने खरं तेच सांगितलं. बाबा म्हणाले, खऱ्यावर घर बांधता येतं का?   त्या प्रश्नात चुकीचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुकादम मॅडमना गाठलं. स्टाफरूममध्ये त्या डबा खात होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं, दर्शना. फोड हा शब्दाचा जन्म आहे, अख्खं आयुष्य नाही. घटस्फोटात आता कोणी घट फोडतं का? कायद्यात परित्यक्ता म्हणजे नवऱ्यापासून वेगळी, आधार नसलेली बाई, इतकंच धरतात. आत्यांना सांग, हे कपाळावरचं गोंदण नाही, लेबल आहे. घर महत्त्वाचं." मग त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, "पण शेवटचा तो 'त' फार वाईट. वंचित, पीडित, शोषित, त्यक्त. क्रिया दुसऱ्याने केलेली असते. त्या बाईने स्वतः केलेल्या क्रियेला मराठीत शब्दच नाही गं ठेवलेला." आम्ही दोघींनी तिथे बसून शोधला. सोडून आलेली, निघून आलेली, असं सांगता येतं. पण माइकवर वाचता येईल, अर्जात बसेल, असा एक शब्द आम्हाला सापडला नाही.

घरी येऊन मी आत्याला लेबलाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरा. मंग तुज्या नावाफुरं लाव. नुसता लेबल हाय ना?"

सुनावणी पनवेलला होती. बाबांनी आत्याला कसंबसं तयार केलं होतं. साहेबाने विचारलं तर फक्त मान हलव, बोलू नको, असं ठरलं होतं. नामाकाका साक्षीला इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिडकीजवळच्या टेबलाशी एक तरुण बाई बसली होती, माझ्याहून फार मोठी नसेल. सकाळपासून माणसं ऐकून तिचा आवाज बसला होता. तिने आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. हे मी सांगते कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की ती दुष्ट होती. नव्हती.

"आजी, तुमच्या नवऱ्याने तुम्हाला सोडून दिलंय, बरोबर?"

बाबांनी आत्याच्या खांद्याला हळूच हात लावला.

"नाय," आत्या म्हणाली. "मी त्याला सोरला."

ती बाई हसली नाही, वैतागलीही नाही. तिने पेन खाली ठेवलं. "आजी, मला कळतंय. पण असा रकानाच नाहीये. तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी बघते."

"तुमी बगाल. पन मना काय बोलाल?"

"म्हणजे?"

"उद्याला कोनी इचारला ही बाय कोन, तं काय सांगाल? टाकलेली बाय, ना? चालीस वर्सं मी बाजारात बसते. मना कोनी टाकलेली बोलला नाय. मागं बोलले असतील. तोंडावर नाय बोलला कोनी. आता मीच आंगठा देऊ?"

नामाकाका म्हणाले, "हिरे, ऐक जरा." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलामागच्या बाईने आणखी एक वाट सुचवली. वेगळी चूल, वेगळं राहणं, म्हणून विभक्त कुटुंब दाखवता येतं का, ते बघू म्हणाली. तिने तसं लिहूनही घेतलं. त्याची चौकशी झाली. पण खोली आजोबांच्या नावावर, वीज बाबांच्या मीटरवरून, आत्याचं नाव बाबांच्या रेशनकार्डावर. काही महिन्यांनी मंडपात नावं वाचली तेव्हा आमच्या घरातून बाबा पात्र होते. आत्याचं नाव दुसऱ्या यादीत वाचलं गेलं. आत्या शेजारीच उभी होती. तिने मला विचारलं नाही त्याचा अर्थ काय म्हणून. अपात्रातला 'अ' तिला न फोडताच कळला.

म्हणून त्या टेम्पोत ती आमच्याबरोबर होती. तिच्या नावाची जागा नव्हती, बाबांच्या जागेत ती येत होती.

सुरुवातीला आम्ही सेक्टरमध्ये भाड्याने राहिलो. मग बाबांना मिळालेल्या प्लॉटवर दोन मजले चढले. तळमजल्यावर बाबांनी आत्यासाठी एक खोली ठेवली, तिला फरशी लावली, पंखा लावला. बाबांनी त्यांच्या बाजूने काहीच कमी केलं नाही. पण स्वयंपाकघर एकच झालं. आईला गॅसच्या ओट्यावर मासळी साफ केलेली चालायची नाही. आत्याला बसून काम करायची सवय, आणि ओटा उभ्याचा. शेजारी आलेली ऑफिसातली माणसं, पुण्या-मुंबईची, त्यांनी वासाची तक्रार केली. मार्केट आता लांब पडलं, पहाटे रिक्षा मिळायची नाही. हळूहळू तिचा धंदा बसला. जी बाई बाजारात चार शब्द ऐकवल्याशिवाय एक मासा द्यायची नाही, ती दुपारभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे मजले चढताना बघायची. बाबांचंही तेच. शेत नाही, वाफा नाही. दोघं दिवसभर एका घरात, आणि भांडायला कारण लागायचं नाही.

एकदा आई आणि आत्याचं कशावरून तरी जुंपलं. मला वाटतं सुकटीच्या डब्यावरून. बाबा मध्ये पडले आणि म्हणून गेले, "माज्या घरात र्‍हायाचा तं नीट र्‍हा. त्या दिवशी हो बोलली असतीस तं तुजा सोताचा असता." बोलल्यावर त्यांनाच ते लागलं असावं, कारण ते लगेच जिना चढून वर गेले.  दोन दिवसांनी आत्याने पाटी, विळी आणि कपडे बांधले. उरणजवळच्या मोरा बंदरावर तिची एक जुनी मैत्रीण होती, मासळीच्या धंद्यातली. तिच्या चाळीत एक खोली रिकामी होती. मी तिला सोडायला गेले. वाटेत मी रडत होते आणि ती मला बाजारातल्या भावांबद्दल सांगत होती.

त्यानंतर बाबांनी तिचं नाव घेणं बंद केलं. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला तर म्हणायचे, "ती गेली. तिला सवय हाय जायाची." माझं लग्न झालं तेव्हा आत्या आली. हळदीला मागे बसली, जेवून शेवटच्या गाडीने परत गेली. बाबा आणि ती एका मांडवात होते आणि बोलले नाहीत.

मी आता तळोज्याला असते. नवरा तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला आहे. आमची बिल्डिंग नवी आहे, लिफ्ट आहे, आणि वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात इतका उग्र वास येतो. मी एका शाळेत मराठी शिकवते. वर्गात बिहारची मुलं आहेत, नांदेडची आहेत, एक मुलगी ओडिशाची आहे. सगळी कुठून तरी निघून आलेली. मी फळ्यावर उपसर्ग लिहिते आणि मॅडमचं वाक्य सांगते, डोकं काढा, शेपूट काढा. मुलांना मजा वाटते. परीक्षेत त्याचे मार्क मिळतात. पण 'परि' शिकवताना मी परिसर सांगते, परिवार सांगते, परिपूर्ण सांगते. चौथा शब्द मी सांगत नाही, आणि दर वर्षी तो न सांगता पुढे जाताना मला आपण काहीतरी चुकवतोय असं वाटत राहतं.

आता मागच्या दिवाळीचं सांगते, कारण हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. मला भाऊ नाही, तरी जाते. गावात होतो तेव्हा भाऊबीज म्हणजे आत्याने आमच्या ओटीवर पाट मांडायचा आणि बाबांना ओवाळायचं. तेच घर, तेच दार, फक्त ती मागून पुढे यायची. ती मोऱ्याला गेल्यापासून तेही थांबलं होतं. त्या सकाळी बाबा अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जिन्यात उभे होते. मला म्हणाले, "मोऱ्याला कसा जायाचा?"

मी आईकडे पाहिलं. आई आत गेली आणि कपाटातून एक कोरं लुगडं घेऊन आली. हिरवं, बारीक काठाचं. ते तिने कधी घेऊन ठेवलं होतं मला माहीत नाही. "रंग आवडंल तिला," एवढंच म्हणाली.

आम्ही एस्टीने उरणला गेलो आणि तिथून रिक्षाने बंदरावर.  चाळीच्या तोंडाशी आत्याची मैत्रीण जाळं उलगडत बसली होती. तिने मला ओळखलं, बाबांना नाही.

"हे कोन?"

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, "मी हिराचा भाऊ. तिच्या घरी पावना आयलो."

आत्या आतून ऐकत असणार, कारण आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. ती दारात आली. केस पिकले होते, वाळली होती. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. मला वाटलं आता ती काहीतरी तोडून बोलणार. ती म्हणाली, "पाय धू. ता पानी हाय."

खोलीत पाट नव्हता. तो तिने मैत्रिणीकडून मागून आणला. ताम्हणही नव्हतं, स्टीलच्या ताटलीत कुंकू आणि दिवा ठेवला. साठ-पासष्टीची दोन माणसं, एक पाटावर, एक समोर. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिने एका हाताचा आडोसा धरून ओवाळलं. बाबांनी लुगडं दिलं. तिने काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कोनी घेतला? तुजी नदर नाय ही."

"तिनी," बाबा म्हणाले.

मग आम्ही जेवलो. बांगड्याचं कालवण, भात. बाबा म्हणाले मीठ जास्त झालंय. आत्या म्हणाली, तुझी जीभ सेक्टरला जाऊन बिघडलीय. मी कित्येक वर्षांत त्यांना असं भांडताना ऐकलं नव्हतं.

सगळं नीट झालं असं समजू नका. खोली भाड्याची आहे. मैत्रिणीचा मुलगा चाळ पाडून बांधायचं म्हणतोय, तेव्हा आत्याला पुन्हा उठावं लागेल, आणि तेव्हा तिला कोणत्या शब्दात बसवतील, की बसवणारच नाहीत, ते मला माहीत नाही. बाबांनी तिला परत चल असं म्हटलं नाही. तिने पुन्हा ये असं म्हटलं, पण दारापर्यंतच आली. रिक्षापर्यंत येऊन निरोप देणं तिला जमलं नाही किंवा तिला करायचं नव्हतं. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "उजेड बरा हाय तिच्याकरं."

तळोज्याला शेजारणी विचारतात, माहेर कुठलं? गावाचं नाव घेतलं तर कोणाला कळत नाही. सेक्टरचा नंबर सांगून बघितला, पण नंबराला माहेर म्हणताना जीभ अडखळते. त्या भाऊबीजेपासून मी मोरा म्हणते. एकदा आमच्या बिल्डिंगखाली कोणीतरी विचारलं आणि बाबा माझ्याशेजारी उभे होते. "मोरा," मी म्हटलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी मला दुरुस्त केलं नाही.